घंटी वाजायच्या आधी

३ मार्च, सोमवार. उधना, सुरत

आज सात मशीन उघडली. चार मिक्सर, दोन ओव्हन, एक गिझर. तोताराम भाऊ म्हणतात, जे उघडशील ते लिहून ठेव, तुझं डोकं म्हणजे चाळणी. दुकानातलं जुनं जॉबकार्डाचं पुस्तक त्यांनीच दिलं, मागची पानं कोरी आहेत. ते नशिराबादचे, इथे वीस वर्षं झाली. त्यांनी मला हात धरून शिकवलं म्हणून ऐकतो. पण मशीनचं लिहायला बसलो की दुसरंच लिहून होतं.

सारिकाचा फोन होता. लग्नाला पंधरा दिवस झाले. अमळनेरला सगळं ठीक म्हणाली. तिची सासू इंदिराबाई शेजारणींना बोलावून ओव्हन दाखवते म्हणे. सुनेच्या भावाने सुरतहून आणला, कंपनीचा! पापड भाजून एकेकीच्या हातावर ठेवते.

मी हो हो करत राहिलो. मग विषय बदलला.

५ मार्च, बुधवार

कुणाला सांगता येत नाही, म्हणून इथे.

तो ओव्हन नवा नाही.

गेल्या मार्चमध्ये अण्णा, आमचे वडील, गेले. घरातलं माणूस गेलं की वर्षाच्या आत लग्न उरकायचं, नाहीतर तीन वर्षं थांबायचं. माय म्हणाली, तीन वर्षं पोरीला घरात ठेवून लोकांना काय सांगू. म्हणून फेब्रुवारीत घाईघाईने उरकलं. आंदणाच्या यादीत ओव्हन होता आणि साखरपुड्यात मी सगळ्यांसमोर बोलून बसलो होतो, ओव्हन माझ्याकडून. बाप नाही, मोठा भाऊ मी. बोलायला काय लागतं!

नवा घेणं जमलं नाही. दुकानाच्या माळ्यावर एक पडला होता, गिऱ्हाईक परत आलंच नाही. तापवणारा मॅग्नेट्रॉन दुसऱ्याचा टाकला, आतली थाळी दुसऱ्याची, दार तिसऱ्याचं. पुढचं पॅनेल नवं. शोरूमवाल्याकडून थर्माकोलसकट कोरा खोका आणला. मांडवात आंदण मांडलं तेव्हा लोक हात लावून बघत होते. बाहेरून मीसुद्धा फसलो असतो.

फक्त दार. ओव्हनच्या दारामागे तीन छोटे स्विच असतात. दार उघडलं की मशीन तिथल्या तिथे बंद पडलं पाहिजे, त्यासाठी. पण दार दुसऱ्या मॉडेलचं, त्याचे आकडे, म्हणजे हुक, स्विचपर्यंत पोचेनात. गाडीची वेळ झाली होती. मी दोन वायरी थेट जोडल्या आणि तिसरी काढून टेप मारली. म्हणजे दार उघडं का बंद, मशीनला कळतच नाही. गोल बटण फिरवलं की चालू, घंटी वाजली की बंद.

आखाजीला जाईन तेव्हा नीट करीन, असं मनाशी म्हटलं होतं. इथले लोक अक्षय्यतृतीया म्हणतात आणि सोनं घेतात. आपल्याकडे लेकी माहेरी येतात. मुराळी होऊन तिला आणायला मीच जाणार, तेव्हा करता येईल. सारिकाला एवढंच बोललो होतो — घंटी वाजल्याशिवाय दार उघडायचं नाही.

९ मार्च, रविवार

तिच्या लक्षात आलं. लहानपणापासून तिचे डोळे तसेच. फोनवर हळू आवाजात म्हणाली, दार उघडलं तरी थाळी फिरतच राहते, लाइटही जात नाही, असं असतं का?

मग सांगून टाकलं सगळं. माळ्यावरचा ओव्हन, जोडलेल्या वायरी, सगळं. म्हटलं, चालू असताना आत हात गेला तर वरून काही दिसत नाही, आतलं मांस शिजतं. आमच्या तोताराम भाऊची दोन बोटं अशीच गेली. दार उघडं ठेवून मशीन टेस्ट करायचे. आता त्या दोन बोटांना गरम-थंड काही कळत नाही. चहाचा ग्लास त्या बोटांनीच धरतात, गिऱ्हाइकांना गंमत दाखवल्यासारखा.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, बरं, मी सांगते घरात सगळ्यांना, घंटी झाल्यावरच उघडा म्हणून. बाकी तू काळजी करू नको, कुणाला कळणार नाही.

सांगितल्यावर हलकं वाटलं. दोन पोळ्या जास्त खाल्ल्या.

१२ मार्च

तोताराम भाऊंना बोललो. त्यांनी हातातला पेचकस खाली ठेवला. एवढंच म्हणाले —

"ती तुन्ही बहीण शे का वैरीण?"

पेचकस उचलून पुन्हा कामाला लागले.

१६ मार्च, रविवार

सारिका रडत नाही, सांगते फक्त. जशी बातमी सांगावी तशी. सासू म्हणते बिनबापाची पोर, वळण कोण लावणार. सासू डब्यातल्या भाकरीच्या पिठावर बोटाने रेघ मारून ठेवते, मागून कुणी पीठ घेतलं का ते कळायला. नवरा प्रेमराज, म्हणजे आमचे प्रेमराव, चांगला आहे. खत-बियाण्याच्या दुकानात सकाळी जातो, संध्याकाळी येतो, आईसमोर मान वर करत नाही. सासरे गिरधर आबा ओट्यावर पेपर वाचतात, दिवसभर एकच.

मी म्हटलं, आखाजीपर्यंत कळ काढ.

ती म्हणाली, अण्णांच्या वर्षश्राद्धाला येतेच आहे ना मी.

२० मार्च, गुरुवार. गाव

अण्णांचं वर्षश्राद्ध झालं. दुकानाच्या शेठकडून दोन दिवस मागून आलो. धुळ्याहून कुसुंब्याची बस, पुढे रिक्षा. ऊन आत्तापासूनच डोक्यात घुसतं.

सारिकाला पाठवलं नाही. प्रेमरावांचा फोन आला, चाचरत बोलत होते. आई म्हणते, नव्या नवरीने पहिल्या वर्षी श्राद्धाचं पान बघू नये. मी विचारलं, बापाचं असलं तरी? ते म्हणाले, आई म्हणते. मायने तिचं ताट वाढून ठेवलं होतं, ते गायीला घातलं.

दुपारी सारिकाला फोन लावला. वाटलं, आज तरी रडेल. तिने विचारलं, अण्णांचा चष्मा फोटोजवळ ठेवला का? ठेवला म्हटलं. चष्मा सापडलाच नव्हता. मग ती म्हणाली, ठेवते फोन, थोडं शिवण पडलंय.

२५ मार्च, मंगळवार

आता हे बघा. माणसाचं मन किती मोठं असावं!

सासूचे गुडघे दुखतात. आधी तव्यावर वाळू तापवून शेकायची. सारिकाने तिला जुन्या ब्लाउजच्या कापडाची पोटली शिवून दिली, आत गहू भरले. ओव्हनमध्ये ठेवायची, तापली की गुडघ्यावर. वाळूसारखी सांडत नाही, ऊब पण टिकते. सासू एकदम खूश. दिवसातून चार-पाच वेळा शेकते म्हणे, स्वतःच ठेवते, स्वतःच काढते.

श्राद्धाला अडवलं तिने, आणि ही तिचेच गुडघे बघते. मला जमलं नसतं. तोताराम भाऊंना सांगितलं, बघा माझी बहीण. त्यांनी चहा संपवला आणि ग्लास खाली ठेवला. त्या दोन बोटांकडे मी बघितलं नाही.

१ एप्रिल

एसीचा सीझन. दिवसाला दहा-बारा घरं. लिहायला हात चालत नाही.

३ एप्रिल, गुरुवार

सारिका बोलता बोलता म्हणाली, सासूबाईंचा उजवा हात दुखतो. बोटं आतून जळतात, वरून काहीच नाही. डॉक्टरने साखर तपासायला सांगितली. साखर नाही निघाली. वात असेल म्हणतात.

मी विचारलं, कधीपासून?

चार-पाच दिवस.

फोन ठेवला आणि कपडे न बदलता बसून राहिलो. पोटली तापली का ते ती कशी बघत असेल? तव्यावरच्या भाकरीला बघतात तसंच. हात घालून, दाबून, उलटी करून. दार उघडल्यावर थाळी फिरत राहते म्हणजे मशीन चांगलंच आहे, असं वाटत असेल तिला.

४ एप्रिल

आज सकाळीच फोन केला. म्हटलं, तू सांगितलं होतंस ना त्यांना, घंटीचं?

सांगितलं. जुनं माणूस, ऐकत नाही, म्हणाली.

मग प्लगच काढून ठेव, म्हटलं. ठिणगी आली म्हण, जळाला म्हण, काहीही म्हण.

तर म्हणाली, "बंद पडला तर हे कंपनीचा माणूस बोलावतील, भाऊ. तो झाकण उघडेल. मग मी कुठे तोंड दाखवू?"

खरं आहे. झाकण उघडलं की आत तीन घरांचा माल. शेजारणींनी पापड खाल्लेत त्याचे. मग त्या घरात ती कायमची भंगारवाल्याची बहीण. आखाजीला तर पाठवणारच नाहीत.

तिलाच दुसरं काही सुचत नाही, मला काय सुचणार. फोन ठेवून कामावर गेलो.

८ एप्रिल, मंगळवार

इंदिराबाईंनी उकळत्या दुधाचं पातेलं फडका न घेता उचललं. नुसत्या बोटांनी. चुलीपासून मोरीपर्यंत नेलं आणि काही कळलं नाही. प्रेमराव ओरडले तेव्हा बघितलं तर कातडी पातेल्याला लागलेली.

सारिकाने हे सांगितलं तेव्हा समोर तोताराम भाऊ चहा पीत होते. त्याच दोन बोटांत ग्लास.

मी उठलो. मोरीवर जाऊन तोंड धुतलं.

११ एप्रिल, शुक्रवार

तोताराम भाऊ आज समोर बसले. तिच्या सासऱ्याला फोन लाव म्हणाले. माझ्यासमोर लाव. ओव्हन वापरू नका, एवढं सांग, पुढचं पुढे बघू.

लावला. गिरधर आबांनी उचलला. मी ऊन किती आहे विचारलं. कापसाचं काय म्हणतात ते विचारलं. ते म्हणाले, आखाजीला मुराळी म्हणून तूच येशील ना? ये बाबा. तुझ्या ओव्हनने आमची बाई खूश आहे, गुडघ्याला आराम पडला. हात तेवढा दुखावलाय, वय झालं.

मी हो हो म्हणालो आणि ठेवला.

तोताराम भाऊ उठून गेले. जाताना म्हणाले, "तुन्हापेक्षा ते मशीन बरं. घंटी वाजनी का थांबस तरी."

१३ एप्रिल

शेठकडे सुट्टी मागितली. सव्वीसच्या आधी नाही म्हणे. एसीचे फोन थांबत नाहीत.

१९ एप्रिल, शनिवार

भंगाराच्या गल्लीत चार रविवार शोधलं असतं तरी मिळालं नसतं, आज मिळालं. त्याच मॉडेलचं दार, आकड्यांसकट. तीन स्विच नवे घेतले. एकेक पन्नास वेळा दाबून बघितला. टिक. टिक. एवढासा तुकडा, नखाएवढा.

तोताराम भाऊंनी न सांगता दार कपड्यात गुंडाळून दोरी बांधून दिलं. अजून बोलत नाहीत. पण गाठ त्यांचीच, ओढली तर सुटत नाही अशी.

२७ एप्रिल, रविवार. अमळनेर

सकाळच्या गाडीने आलो. नंदुरबार, दोंडाईचा, सगळं पिवळं. मांडीवर दार घेऊन बसलो होतो. शेजारचा म्हणाला, फोटोफ्रेम आहे का एवढी मोठी? हो म्हटलं.

लग्नाच्या गडबडीत इंदिराबाईंना नीट बघितलंच नव्हतं, राक्षसीण समजून गेलो होतो. बुटकी बाई, पायात अंतर ठेवून चालते, दर दोन पावलांनी भिंत धरते. उजव्या हाताला पट्टी. अंगठा आणि दोन बोटं तिच्यातून बाहेर, काळपट, चकाकणारी. त्याच हाताने मला वाढत होती. आमटी सांडली, तर स्वतःलाच हसली. म्हणाली, बोटं माझी राहिली नाहीत रे आता, कुणाची तरी उसनी लावल्यासारखी वाटतात.

मी घास गिळत होतो.

जेवणानंतर म्हटलं, आलोच आहे तर ओव्हनची सर्व्हिस करून देतो. पहिली सर्व्हिस असते. दारावर चरा दिसतो, ते पण बदलून देतो, कंपनीकडून आणलंय. कुणी काही विचारलं नाही. प्रेमराव मात्र स्टूल घेऊन शेजारी येऊन बसले. त्यांना मशीनची आवड! मागचं झाकण काढलं. आतल्या डब्यात करंट साठून राहतो, तो पेचकस टेकवून उतरवला. टक्क! प्रेमराव स्टुलासकट मागे सरकले. मग पुन्हा पुढे वाकून म्हणाले, ही काळी टेप कंपनीचीच का?

कंपनीचीच.

माझ्या कपाळाचा घाम आत पडत होता. टेप सोडवली, वायरी सोडवल्या, तीन स्विच बसवले, दार चढवलं. पाण्याचा पेला ठेवून चालू केला आणि मध्येच दार उघडलं. थांबला. लाइट गेली, थाळी थांबली. पुन्हा लावला, पुन्हा उघडलं. थांबला. असं सात-आठ वेळा केलं. प्रेमराव हसायला लागले, म्हणाले, हा ओव्हन दाजीलाच विकायचाय का?

सारिका स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कणकेचे हात तसेच. बघत होती. चहा करू का, एवढंही विचारलं नाही.

मी इंदिराबाईंना समजावलं. म्हटलं, मावशी, पोटली ठेवली की घंटी वाजू द्यायची, मगच दार उघडायचं. मध्ये हात घालायचा नाही.

ती म्हणाली, "असं शे का? माले कोनी सांगं नही रे भाऊ."

विसरली असेल. दुखण्यात माणूस विसरतं.

निघताना डाव्या हाताने माझ्या डोक्यावरून हात फिरवला. म्हणाली —

"लई जाय तुन्ही बहीणले. पहिली आखाजी शे. पन आठ दिनमा पोचाडी दे. मन्हा हात गया, आते तीच मन्हा हात."

मी तिच्या पाया पडलो. खूप वेळ वर उठलो नाही. तिला वाटलं असेल, केवढा संस्कार.

२८ एप्रिल, सोमवार. गाव

अमळनेर-धुळे बसमध्ये सारिका खिडकीशी. पदर डोक्यावरून खाली घेतला, वाऱ्यावर सोडला. धुळ्याच्या स्टँडवर उसाचा रस दोन ग्लास प्यायली. मी तिच्या मनगटांकडे बघत होतो, गळ्याकडे, कानामागे. मारल्याची खूण कुठेच नाही. अंगाने भरली आहे उलट.

मी म्हटलं, झालं आता. संपलं सगळं. तिने नुसती मान हलवली.

३० एप्रिल, बुधवार. आखाजी

अण्णांच्या नावाने पहिली घागर भरली. नवी घागर, वर खरबूज, सांजोऱ्या, दोन आंबे. पाणी सारिकाने ओतलं. धार जराही तुटली नाही. मायच्या डोळ्याला पदर, माझेही भरले. तिचे कोरडे.

नंतर पोरींबरोबर लिंबाच्या झोक्यावर गेली. वरपर्यंत जात होती, एकटी उभी राहून. मी ओट्यावरून बघत होतो. लग्नाआधीची सारिका. मनात म्हटलं, कुंद्या, चुकलास, पण वेळेवर सुधारलास. एका बाईची तीन बोटं गेली, ते माझ्या डोक्यावर. ते कधीतरी सांगेन त्यांना. सारिकाला घरात जरा पाय रोवू दे, मग जाऊन सांगेन.

१ मे, गुरुवार

दुपारी झोक्याजवळ कुणी नव्हतं. सारिका बसली होती, मी मागून झोका देत होतो. तिने विचारलं, त्या दिवशी ओव्हनच्या आत काय काय बदललं?

सांगितलं. तीन स्विच, दार. आता उघडलं की आपोआप बंद. मग म्हटलं, इंदिराबाई विसरल्या बघ, तू घंटीचं सांगितलं होतंस ते.

ती म्हणाली, "मी कधी सांगितलं त्यांना?"

मला वाटलं, मस्करी करते.

म्हणाली, "पोटली मी श्राद्धाच्या दिवशी शिवली, भाऊ. तू गावाहून फोन केलास ना, चष्म्याचं सांगितलंस, तेव्हा हातातच होती."

मग तिने पाय जमिनीला टेकवून झोका थांबवला. मान वळवून माझ्याकडे बघितलं. राग नाही, काही नाही. लहानपणी मी तिची पाटी पुसून टाकली की बघायची तसं.

"कसाले बदलाडं?"

रविवारी तिला पोचवायचं आहे.